वैमानिकांचे जुने लष्करी बूट

वैमानिकांचे जुने लष्करी बूट (प्रचलित नाव : फ्लाइंग बूट) ही लष्करी वस्तूंच्या संग्राहकांमध्ये मागणी असलेली एक संग्राह्य वस्तू आहे. मुख्यतः पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांत उघड्या अथवा उष्णतेची सोय नसलेल्या विमानांतील कर्मचाऱ्यांसाठी तयार झालेले हे बूट आज लिलावगृहे, लष्करी वस्तूंचे मेळावे आणि खाजगी विक्रेते यांच्यामार्फत विकले जातात. त्यांचे मूल्य वयापेक्षा त्यांची स्थिती, मूळपणा आणि पूर्वइतिहास यांवर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातील विमानांचा कक्ष उघडा असे. हिमदंशापासून पायांचा बचाव व्हावा म्हणून ब्रिटिश वैमानिक लॅनो हॉकर यांनी मांडीपर्यंत येणाऱ्या, आतून लोकर असलेल्या बुटांची कल्पना मांडली व ते लंडनच्या हॅरॉड्स या दुकानाकडून तयार करून घेतले. हे बूट ‘फग बूट’ या नावाने ओळखले गेले. या युद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या मोजक्या भारतीयांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हेही होते. जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्यांना मृत्यू आला.

पुढे रॉयल एअर फोर्सने ठरावीक नमुने स्वीकारले व ते त्या त्या वर्षाने ओळखले जाऊ लागले. १९३६ चा नमुना काळ्या चामड्याचा, १९३९ चा कॅनव्हासचा, तर १९४१ चा स्वेड चामड्याचा व पुढून चेन असलेला होता. अमेरिकेचा ए-६ हा लोकरीसह कमावलेल्या मेंढीच्या कातड्याचा बूट बॉम्बफेकी विमानांतील कर्मचारी वापरत. जर्मन हवाई दलाकडे विजेच्या तारांनी गरम होणारे बूटही होते.

१९४३ चा ‘एस्केप बूट’

संग्राहकांचे सर्वाधिक लक्ष वेधणारा नमुना हाच. आधीचे सैलसर बूट हवाई छत्री उघडताना बसणाऱ्या हिसक्याने पायांतून निसटत, आणि शत्रूच्या प्रदेशात उतरलेला वैमानिक अनवाणी राही. बूट पायांत राहिले तरी ते लांबूनच ओळखू येत. युद्धकैद्यांच्या सुटकेसाठी काम करणाऱ्या एमआय-९ या ब्रिटिश गुप्तचर विभागातील क्रिस्टोफर क्लेटन हटन यांनी यावर उपाय काढला. बुटाचा खालचा भाग साध्या नाडीच्या काळ्या बुटासारखा ठेवला आणि पोटरीवरचा लोकरी अस्तराचा भाग त्याला शिवला. बुटाच्या आतील लहान खिशात घडीचा चाकू असे. त्याने वरचा भाग कापून काढला की पायांत सामान्य नागरिकाचे बूट उरत. कापलेले दोन्ही तुकडे जोडून लोकरीची बंडी करता येई.

यामुळे संग्राहकांच्या बाजारात एक विरोधाभास निर्माण झाला आहे. ज्या कामासाठी हा बूट बनला ते काम त्याने केले, तर तो कापला गेला; म्हणून आज ‘उत्तम स्थितीतील’ म्हणून चढ्या भावाने विकली जाते ती जोडी बहुधा तिच्या मालकाला कापण्याची वेळच न आलेली असते. कापलेली जोडी अपूर्ण समजून स्वस्तात जाते. मात्र ती खरोखर पलायनात वापरली गेल्याचे कागदोपत्री सिद्ध झाले, तर हाच हिशेब उलटतो. पायी चालत परतलेल्या वैमानिकांसाठी १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटी आघाडीवर सुरू झालेल्या ‘लेट अरायव्हल्स क्लब’चे चिन्हही पंख असलेला बूट हेच होते.

ओळख व पारख

ब्रिटिश बुटांवर हवाई मंत्रालयाचे मुकुटासह ‘एएम’ हे चिन्ह किंवा सरकारी मालाची बाणखूण, मापाचा आकडा आणि ‘२२सी’ने सुरू होणारा भांडार क्रमांक आढळतो. दोन्ही बुटांचे माप एकच आहे का, चेन मूळची आहे का, चाकूचा खिसा शाबूत आहे का, हे जाणकार आधी पाहतात. चाकू मात्र बहुधा हरवलेला असतो, आणि नंतर आणून ठेवलेला चाकू मूळचा म्हणून दाखवणे ही या व्यवहारातील नेहमीची लबाडी आहे. चित्रपट व युद्धप्रसंगांच्या पुनर्सादरीकरणासाठी केलेल्या प्रतिकृती मुद्दाम जुनाट करून विकल्या जातात. युद्धोत्तर नमुनेही युद्धकाळातील म्हणून खपवले जातात. सोल बदलणे, शिवण नव्याने घालणे अशी दुरुस्ती दोष ठरत नाही, परंतु ती विक्रेत्याने सांगणे अपेक्षित असते. एखाद्या वैमानिकाचे नाव जोडलेले असल्यास उड्डाण-नोंदवही, छायाचित्र किंवा कुटुंबाचे पत्र सोबत असावे लागते. केवळ ऐकीव कथेला किंमत नसते.

जतन

चामडे, लोकर, रबर आणि धातू एकत्र असल्याने या बुटांचे जतन अवघड असते. एकासाठी योग्य असलेला उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. तेल जास्त लावल्यास स्वेड काळे पडते व टाके कमकुवत होतात. रबर कालांतराने कडक होऊन तडकते. लोकरीला कसर लागते. महाराष्ट्रात पावसाळ्यातील बुरशी हा सर्वांत मोठा धोका आहे. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद न करता आम्लविरहित कागद भरून, उभे आणि हवेशीर जागी ठेवतात. कसर लागलेली जोडी गुंडाळून काही दिवस शीतकपाटाच्या गोठणखान्यात ठेवणे हा संग्रहालयांतही वापरला जाणारा उपाय आहे. अडकलेली चेन जोर लावून ओढू नये. फाटलेल्या चेनीने जोडीचा भाव लगेच उतरतो.

भारतातील व्यवहार

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि स्वातंत्र्यापर्यंत त्याचा पेहराव मुख्यतः ब्रिटिश पद्धतीचा होता. उष्ण हवेत, कमी उंचीवरील उड्डाणांना लोकरी बुटांची गरज तुलनेने कमी भासे. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार ही जुन्या वस्तूंच्या शोधकांची परिचित ठिकाणे आहेत.

पुरावशेष व बहुमोल कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू किमान १०० वर्षे जुनी असल्यास ती पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूच्या व्यापारास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातील बुटांनी ही वयोमर्यादा ओलांडली आहे. १९४३ च्या नमुन्यातील सर्वांत जुन्या जोड्या ती २०४३ मध्ये गाठतील. जुने लष्करी बूट विकत घेणे वा बाळगणे आणि सैनिक असल्याचे भासवण्यासाठी गणवेश वापरणे यांत कायदा फरक करतो. दुसरी कृती भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे.