रविवार, समुद्र आणि सुरमई

मराठीत 'वीकएंड'ला शब्द नाही. वर्तमानपत्रवाल्यांनी 'सप्ताहान्त' असा एक घडवला आहे, पण 'सप्ताहान्ताला अलिबागेस चाललो आहे' असं म्हणून पाहा. ऐकणाऱ्याला वाटतं, तिथे हरिनाम सप्ताहाची सांगता आहे आणि हा काल्याच्या प्रसादाला निघाला आहे. शब्द नाही याचं कारण उघड आहे. ती वस्तूच आपल्याकडे नव्हती.

आपल्या पूर्वजांना सुट्ट्या नव्हत्या असं नाही. चांगल्या भरपूर होत्या. पण त्या तिथीवर चालत, वारावर नाही. वेदशाळेत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या दिवशी अनध्याय. अवेळी ढग गडगडला तरी अनध्याय. हल्ली पावसात लोकल बंद पडली की आपण ऑफिसला दांडी मारतो ना, ती शास्त्राला धरूनच असते. मात्र सुट्टी मिळाली म्हणून समुद्रावर जाऊन दोन दिवस नुसतं पडून राहावं, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. समुद्रावर जायचं ते नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन, नाहीतर अस्थी घेऊन. समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त आणि काठावर बसलं तर सर्दी, इतकाच भल्या घरांचा त्याच्याशी संबंध. कोळ्यांचा, खलाशांचा खरा संबंध होता, पण त्यांना तिथे आराम कुठला!

समुद्रकाठी आराम करण्याची कल्पना काढली ती एका डॉक्टरने. रिचर्ड रसेल त्याचं नाव. या गृहस्थाने 1750 साली लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहून जाहीर केलं, की गाठींच्या विकारांवर समुद्राचं पाणी उत्तम. नुसतं त्यात डुंबायचं नाही, प्यायचंसुद्धा! पुढे तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका कोळीवाड्यात येऊन राहिला, आणि मागोमाग त्याचे पैसेवाले रोगी आले. तोच कोळीवाडा म्हणजे आजचं ब्रायटन. 1783 साली तिथे युवराज आला. युवराज आला की दरबारी येतात, दरबारी आले की शिंपी, आचारी आणि खोल्या भाड्याने देणारे येतात. 1841 मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि रोग नसलेली माणसंही येऊ लागली. 1871 साली पार्लमेंटने बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा केला. बँकेला कुलूप लागलं की राष्ट्र समुद्राकडे धावू लागलं. म्हणजे आज आपण समुद्रकाठच्या खाटेवर जे लोळतो, ते मुळात अडीचशे वर्षांपूर्वीचं एक प्रिस्क्रिप्शन आहे. फक्त बाटलीतलं औषध बदललं आहे.

साहेब इकडे आला तेव्हा आराम घेऊन आला नाही, डाक बंगला घेऊन आला. आपल्याकडे वाटसरूची सोय म्हणजे धर्मशाळा, देवळाची ओवरी, नशीब चांगलं असेल तर अन्नछत्र. अन्न विकणं हे पापच समजलं जाई. साहेबाला ओवरीत झोपवत नसे, म्हणून त्याने दर काही कोसांवर बंगला बांधला आणि तिथे एक खानसामा ठेवला. त्या खानसाम्याच्या हातची एक कोंबडी साऱ्या हिंदुस्थानात प्रसिद्ध होती. 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा जो 1886 सालचा जाडजूड कोश आहे, त्यात तिला एक नोंद दिलेली आहे आणि नाव आहे 'आकस्मिक मृत्यू'. प्रवासी फाटकातून आत शिरला की अंगणातली कोंबडी धरायची आणि तो अंघोळ करून कपडे घालून येईतो ती ताटात! आजही एखाद्या हॉटेलात 'काय ताजं आहे?' असं विचारलं की वेटरच्या चेहऱ्यावर जो शांत भाव येतो, तो याच परंपरेतला असावा.

पण राहायला खोली आहे, जेवायला पैसे आहेत आणि समोर समुद्रही आहे, एवढ्याने वीकएंड होत नाही. त्याला रविवार लागतो. आणि तो, मंडळी, आकाशातून पडलेला नाही.

मुंबईच्या गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत उभा असे. मोठे सण सोडले तर आठवड्याची अशी सुट्टी नव्हती. साहेब रविवारी चर्चमध्ये जात असे, गिरणी चालूच. या माणसांसाठी उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. 1848 सालचा जन्म, जोतिराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे भोंगा ऐकून माहीत होता असं नाही, तो कानाशी वाजत होता. 1884 साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय? रविवारी सुट्टी द्या. दुपारी जेवायला अर्धा तास द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करा, सूर्य मावळला की सोडा. पगार पंधरा तारखेच्या आत द्या. कामावर जायबंदी झाला तर त्याची काही सोय करा. वाचताना लाज वाटावी इतक्या साध्या मागण्या! रविवार खंडोबाचा वार, तो आम्हाला हवा, असाही एक मुद्दा मांडला गेला. मला तो फार आवडतो. साहेबाच्या देवाला जो वार मिळाला तोच जेजुरीच्या देवाचाही निघावा, यात येळकोट करण्यासारखं पुष्कळ आहे.

24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या. 1890 साली! घरात चार माणसांपुढे बोलायची चोरी होती त्या काळात, दहा हजारांपुढे. आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. त्यानंतर लोखंडे फार जगले नाहीत. प्लेगच्या साथीत रोग्यांसाठी धावाधाव करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी ते गेले. आपण रविवारी सकाळी नऊला कूस बदलून पुन्हा झोपतो, तेव्हा त्या कुशीखाली एवढं सगळं असतं.

मिळालेल्या रविवारी गिरणगावातला माणूस काही समुद्रकाठी लोळायला गेला नाही. कपडे धुतले, भजनाला बसला, गावी पत्र लिहवून घेतलं. समुद्र त्याने ओलांडला तो सणावाराला घरी जाण्यासाठी, भाऊच्या धक्क्यावरून, वळकटी आणि पोरांचा खाऊ घेऊन. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या तोंडावर, 'रामदास' बोट अशीच माणसं घेऊन रेवसला निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेवर माणसं गेली. स्वातंत्र्य एक महिन्यावर आलं होतं. आज त्याच पाण्यावरून आपण बटाटेवडा खात, सीगल पक्ष्यांना गाठिया फेकत जातो, तेव्हा एखाद्या म्हाताऱ्याने पाण्याकडे बघून हात जोडले तर त्याला हसू नये.

शनिवारचं प्रकरण त्या मानाने अगदी अलीकडचं. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा 1985 साली मिळाला. महाराष्ट्र सरकारने विचार करायला आणखी पस्तीस वर्षं घेतली आणि मुहूर्त शोधला 29 फेब्रुवारी 2020! चार वर्षांतून एकदा उगवणारी तारीख, तीही नेमकी शनिवारी. पुढे 15 मार्चला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली. शनिवार मिळाला, रविवार होताच, बोटही आली. आणि मार्च संपायच्या आत सगळा देश घरात कोंडला गेला. सरकारी कामाला इतकी वेळेची अचूकता आधी कधी साधली नव्हती.

तर अशा या इतिहासाच्या जोरावर मी आणि आमची ही नागावला गेलो. अलिबाग आणि रेवदंडा यांच्या मधलं गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे विहीर, पुढे समुद्र. आमच्या जागेच्या पाटीवर 'समुद्रदर्शनी खोली' असं होतं. दर्शन होतं, पण काकडआरतीसारखं, ठराविक ठिकाणी उभं राहूनच. न्हाणीघरातल्या स्टुलावर चढलं की झावळ्यांतून एक निळी चिंधी दिसे.

"अहो, उतरा," ही म्हणाली. "समुद्र पाहायला पन्नास पावलं चालून जाता येतं."

जेवणाबद्दल मात्र तक्रार करायला जागा नव्हती, कारण पोटात जागा नव्हती. तव्यावरची सुरमई, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी आणि ताटाच्या कडेला अलिबागचा पांढरा कांदा. या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मला अजून कसलंही मिळालेलं नाही, म्हणून मी त्याला आदरानेच खाल्लं. जेवून झाल्यावर मी झोपाळ्यावर पडलो आणि डॉक्टर रसेलचा उपचार सुरू केला.

घरच्या वहिनी पहाटे पाचला उठलेल्या मी पाहिल्या होत्या (म्हणजे हिने पाहिल्या होत्या आणि मला सांगितलं होतं). चहा, पोहे, मासे साफ करणं, वीस ताटं, पुन्हा चहा, पुन्हा वीस ताटं. ही सहज म्हणाली, "वाडी छान आहे हो तुमची."

"आता काय छान, ताई. होती," वहिनी म्हणाल्या. "निसर्गात निम्मी गेली."

निसर्गात वाडी जाते हे ऐकून मी उठून बसलो. मग उलगडलं. 3 जून 2020 चं 'निसर्ग' वादळ. या किनाऱ्यावर एका दुपारी नारळ आणि पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. पोफळ आज लावली की सुपारी हातात यायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर खायचं काय? तर आम्ही. म्हणजे आमच्यासारखे शनिवार-रविवारवाले. पूर्वी वाडी घराला पोसत होती, आता दोन खोल्या वाडीला पोसत होत्या.

"मग तुम्हाला सुट्टी कधी?" हिने विचारलं.

"पावसात. लाँच बंद झाल्या की माणसं कमी येतात."

"तेव्हा आराम?"

"तेव्हा भात लावायचं असतं," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. यात तक्रार नव्हती. वार सांगावा तसं सांगितलं.

रविवारी दुपारी ही आमची ताटं उचलून मागच्या मोरीकडे निघाली. वहिनी धावत आल्या. "ताई, पाहुण्यांनी ताटं नाही उचलायची!"

"पाहुणी मी कालची," ही म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

जेवल्या नव्हत्या. अडीच वाजले होते. हिने त्यांना हाताला धरून आमच्याच टेबलावर बसवलं, स्वतः आत जाऊन भाकरी आणली आणि मला सोलकढी आणायला पिटाळलं. झोपाळ्यावरून उठणं जिवावर आलं होतं, पण महालक्ष्मीच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या त्या दोन बायका मला आठवल्या आणि मी मुकाट्याने उठलो. दुपारी जेवायला अर्धा तास. 1884 सालची मागणी.

वहिनी पहिले दोन घास संकोचाने जेवल्या, नंतर चांगल्या जेवल्या. पोरीच्या परीक्षेचं बोलल्या, नव्या पोफळीचं बोलल्या. मी घड्याळाकडे पाहत होतो. वीस मिनिटं झाली तेव्हा फाटकाशी एक गाडी थांबली, दारं उघडली आणि कुणीतरी मोठ्याने विचारलं, "जेवण मिळेल का? आणि ताजं काय आहे?"

वहिनी उठायला लागल्या.

"बसा," ही म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "अहो, त्यांना सांगा, दहा मिनिटं थांबा म्हणावं. आधी समुद्र पाहून या."