न दिसण्याची विद्या

बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर अशीरगड उभा आहे. गडावरील महादेवाच्या पिंडीवर भल्या पहाटे कोणीतरी ताजे फूल वाहून जातो आणि तो अश्वत्थामा असतो, अशी आमच्या भागातील लोकांची समजूत आहे. येताना तो कोणाला दिसत नाही, जाताना दिसत नाही. दिसते ते फूल. या आख्यायिकेची सत्यासत्यता ठरविण्याच्या भानगडीत मी पडत नाही. परंतु तिच्यातील एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. येथे दृष्टीआड होणे हे वरदान नव्हे, ती शिक्षा आहे. निद्रिस्त शत्रुपुत्रांना रात्रीच्या अंधारात मारणाऱ्याला महाभारताने तीन हजार वर्षे एकट्याने, कोणाशी एक शब्दही न बोलता, भटकण्याचा शाप दिला.

हे आठवण्यास कारण घडले ते असे. खकनारच्या माझ्या वर्गातील एक मुलगा मधल्या सुटीत मोबाइलवर व्हिडिओ गेम खेळत होता. त्याच्या पडद्यावरील शिपाई एकाएकी काचेसारखा पारदर्शक झाला आणि पहारेकऱ्यांच्या मधून चालत गेला. मोबाइल जप्त करण्याचे माझे कर्तव्य मी बजावले, पण जाता जाता त्याने विचारले, "सर, ही युक्ती पहिल्याने कोणी काढली?" हा प्रश्न काही जप्त करता येईना.

त्या मुलाला वाटत होते की युक्ती जपानी किंवा अमेरिकन असावी. वस्तुतः मेळघाटाचे डोंगर ओलांडले की जो विदर्भ लागतो, तेथील राजवाड्यातच पहारेकऱ्यांच्या मधून चालत जाण्याचा हा प्रसंग घडला आहे. देवांचा निरोप घेऊन नल दमयंतीच्या अंतःपुरात शिरतो, तेव्हा इंद्राच्या सामर्थ्याने द्वारपालांपैकी एकालाही तो दिसत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत तर अंतर्धानाची उपपत्तीच आहे: देहाचे रूप ग्रहण होण्याची शक्ती रोधली की पाहणाऱ्याच्या नेत्राशी त्याचा संबंध तुटतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, चौदाव्या अधिकरणात, चक्क पाककृती दिल्या आहेत. शस्त्राने मेलेल्या किंवा सुळी दिलेल्या माणसाच्या कवटीत माती घालून सातू पेरावे, मेंढीचे दूध शिंपावे, उगवलेल्या अंकुरांची माळ घालावी. म्हणजे मनुष्य आपले रूपच नव्हे तर छायाही हरवून फिरतो! पाककृती खुळचट आहे यात शंका नाही. पण छायेचा विचार करणारा लेखक खुळा नव्हता. देह लपला आणि सावली उरली तर हेर पकडला जाणारच, एवढे त्याला ठाऊक होते.

नाटककारांनी ही विद्या रंगभूमीवर आणली. कालिदासाची उर्वशी तिरस्करिणीच्या आड राहून पुरूरव्याचे बोलणे ऐकते. तिरस्करिणी म्हणजे पडदाही. आडोसा करणे हा या धातूचा एक अर्थ. मराठीत आपण त्यातून फक्त तिरस्कार तेवढा उचलला. भासाच्या नावावर असलेले 'अविमारक' हे नाटक १९१२ साली त्रिवेंद्रम येथे गणपतिशास्त्र्यांनी प्रसिद्ध केले. त्यात विद्याधर नायकाला एक अंगठी देतो. उजव्या हाती घातली की मनुष्य अदृश्य, डाव्या हाती घातली की पूर्ववत. आजच्या खेळातील कळ दाबण्याशी याचे साम्य पाहून हसू येते.

ग्रीक लोकांपाशीही अशी अंगठी होती. प्लेटोने सांगितलेल्या कथेत ती एका मेंढपाळाला सापडते, आणि तिच्या बळावर तो राणीला वश करून राजाचा वध करतो. पकडले जाण्याची भीती नसेल तर मनुष्य न्यायाने का वागेल, हा तेथील प्रश्न. अंगठीला किंमत द्यावी लागत नाही, हेच त्या कथेतील भयंकर आहे.

व्हिडिओ गेम रचणाऱ्यांना हा प्रश्न तत्त्वज्ञान म्हणून नव्हे, अडचण म्हणून भेटला. एकाला अमर्याद अदृश्यता दिली की दुसऱ्याला खेळण्यात अर्थच उरत नाही. मग किंमत लावणे आले. १९९१ सालच्या 'झेल्डा' मालिकेतील खेळात जादूचा झगा अंगावर असेपर्यंत जादूचा साठा झरझर आटतो. १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये अदृश्य शिपायाची शक्ती क्षणोक्षणी खर्च होते, शिवाय त्याला हुडकणारी यंत्रे प्रतिपक्षाकडे असतात. २००७ च्या 'टीम फोर्ट्रेस २' मधील हेराला अदृश्य असताना घाव घालताच येत नाही. आधी प्रकट व्हावे लागते. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील 'स्टार ट्रेक' या मालिकेत १९६६ सालीच शत्रूच्या अदृश्य अवकाशनौकेवर असे बंधन दिसते. माझ्या मते ही नियमांची रचना प्लेटोला दिलेले एक बरे उत्तर आहे: लपायचे तर लप, पण मारायचे असेल तर तोंड दाखव.

प्रत्यक्ष विज्ञान अजून पुष्कळ मागे आहे. २००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तांब्याच्या एका लहानशा नळकांड्याभोवतीचे सूक्ष्मतरंग वळविण्यात आले. डोळ्यांना ते नळकांडे पूर्वीसारखेच दिसत होते. आणि पुरता पारदर्शक झालेला मनुष्य आंधळा होईल, कारण त्याच्या नेत्रपटलावर प्रकाश अडणारच नाही, हा जुना आक्षेप अजून उभाच आहे.

परंतु मला या सर्वांहून वेगळा वाटतो तो विदर्भातील पद्मपूरचा भवभूती. आठव्या शतकातील या कवीच्या 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकाचे नावच 'छाया'. भागीरथीच्या वराने सीता वनदेवतांनाही दिसेनाशी झाली आहे. पंचवटीत राम येतो, जुनी स्थळे पाहून मूर्च्छित पडतो. सीतेला तेथून निघून जाता आले असते, त्याला दोष देता आला असता. ती त्याला स्पर्श करते. तो शुद्धीवर येतो, तो स्पर्श ओळखतो, हात पुढे करून शोधतो आणि समोर कोणीच दिसत नाही. बारा वर्षे जे ऐकावयास मिळाले नव्हते ते सीता पदराआड नव्हे, वराआड उभी राहून ऐकते.

दुसऱ्या दिवशी मोबाइल परत करताना हा अंक मी त्या मुलाला थोडक्यात सांगितला. त्याने विचारले, "मग ती प्रकट केव्हा होते?" मी म्हटले, "सातव्या अंकात." तो म्हणाला, "सर, फारच उशीर केला."