गच्चीवरचा टॉवर आणि कानाजवळचा फोन



मागच्या रविवारी आमच्या जयनगरच्या अपार्टमेंटमध्ये मीटिंग झाली. विषय एकच : गच्चीवर मोबाइल टॉवर बसवू द्यायचा का? भाडं चांगलं मिळणार होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या अज्जी कन्नडमधून म्हणाल्या, "पैशाचं राहू द्या, नातवंडांच्या डोक्याचं काय?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा थोरला भाऊ मेंदूच्या गाठीनं गेला, हे इमारतीत ठाऊक आहे. औषधांचा व्यापारी, दिवसभर फोन उजव्या कानाला. गाठही उजवीकडेच निघाली. वहिनीनं डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो हाच : "फोनमुळे झालं का?" ते म्हणाले, सांगता येत नाही.

मीटिंगहून आलो आणि या प्रश्नाचाच इतिहास शोधत बसलो.

१९९३ च्या जानेवारीत डेव्हिड रेनार्ड नावाच्या गृहस्थानं अमेरिकेत लॅरी किंगच्या टीव्ही कार्यक्रमात हेच विचारलं होतं. त्याची बायको मेंदूच्या गाठीनं वारली होती आणि त्यानं फोन कंपनीवर दावा लावला होता. पुराव्याअभावी दावा टिकला नाही, पण मोबाइल कंपन्यांचे शेअर मात्र घसरले. आपल्याकडे तेव्हा मोबाइल आलाच नव्हता. पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून दिल्लीला.

पुढे १३ देशांनी मिळून 'इंटरफोन' नावाचा अभ्यास केला. गाठ झालेल्यांना आणि न झालेल्यांना विचारायचं, तुम्ही फोनवर किती बोलत होता? २०१० मध्ये निष्कर्ष आले. ग्लायोमा या गाठीचं प्रमाण नियमित फोन वापरणाऱ्यांत चक्क कमी दिसलं, ०.८१ पट. आणि ज्यांनी एकूण १,६४० तासांहून जास्त बोलणं सांगितलं, त्यांच्यात १.४० पट. फोन गाठीपासून वाचवतो असं कुणीच म्हणणार नाही. म्हणजे मोजण्यातच कुठेतरी खोट होती. अभ्यासात कोण सामील झालं, कोण नाही, याचाही फरक पडतो. आणि आजारी माणूस कारण शोधत मागे पाहतो, तेव्हा त्याला जास्त आठवतं.

हे मला घरचंच उदाहरण आहे. आम्ही सगळ्यांना सांगायचो, दादा रोज पाच-सहा तास फोनवर असायचा. नंतर कपाटात त्याची जुनी बिलं सापडली. आम्ही सांगत होतो त्याच्या निम्मीही मिनिटं त्यात नव्हती. बिलं मी वहिनीला दाखवली नाहीत.

२०११ मध्ये दोन बातम्या आल्या. अमेरिकेत नोरा व्होल्कोव्ह यांच्या गटानं ४७ जणांच्या कानाशी ५० मिनिटं चालू फोन ठेवून मेंदू तपासला. अँटेनाजवळच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे ७ टक्क्यांनी वाढला होता. त्यानं आरोग्याचं काही बिघडतं का, हे त्यातून ठरत नव्हतं. दुसरी बातमी मोठी : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या लहरींना '२-ब' गटात टाकलं. म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक'. 'कदाचित' हा शब्द छापता छापता पुसट झाला.

इथवर सगळा वाद कानाजवळच्या फोनचा. भारतात तो गच्चीवर चढला. डिसेंबर २०१० मध्ये आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी दूरसंचार खात्याला टॉवरविषयी अहवाल दिला. मुंबईत जुही चावला यांनी टॉवरविरुद्ध आवाज उठवला. १ सप्टेंबर २०१२ पासून सरकारनं टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली : ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरला ४.५ वॅटऐवजी ०.४५. हँडसेटचीही मर्यादा कडक झाली, शरीराच्या पेशींत किलोमागे १.६ वॅट, पण त्यासाठी कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका कर्करोगग्रस्त घरकामगाराच्या अर्जावर ग्वाल्हेरमधला एक टॉवर बंद करायला लावला.

लोकांचं चुकलं असं म्हणवत नाही. टॉवर दिसतो, आणि आपल्याला न विचारता उभा राहतो. फोन आपण हौसेनं घेतो. पण डोक्याचंच बोलायचं, तर कानाला टेकलेला फोन मेंदूला दूरच्या टॉवरपेक्षा कितीतरी जास्त लहरी देतो. शिवाय सिग्नल चांगला असला की फोन आपली ताकद आपणच कमी करतो, आणि टॉवर लांब गेला की जोर लावतो.

संशोधन थांबलेलं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत दोन वर्षं रोज नऊ तास लहरी सोसलेल्या नर उंदरांत हृदयात गाठी आढळल्या, मेंदूतल्या गाठींचेही काही पुरावे मिळाले. आणि तेच उंदीर लहरी न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले! २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी ६३ अभ्यास एकत्र तपासले गेले. दहा वर्षांहून जास्त फोन वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही.

मीटिंगमध्ये मी यातलं सुचलं तेवढं सांगितलं. मतदान झालं, टॉवर नामंजूर. माझं मत टॉवरच्या बाजूनं होतं.

रात्री वहिनीचा फोन आला. ती दादा गेल्यापासून फोन टेबलावर ठेवून स्पीकरवरच बोलते. मीटिंगचं कळलं होतं तिला. म्हणाली, "मग, फोनमुळेच ना?" मी म्हटलं, हजारो लोकांचा हिशेब केला तर तसं दिसत नाही, वहिनी. दादाचं एकट्याचं कुणाला सांगता येणार नाही. ती जरा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "जेवलास का?"