मावा: परातीतला आणि कपाशीवरचा

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या सुमारास, दिवाळी जवळ आली की आमच्या जुन्या जालन्यात मावा दोन ठिकाणी दिसे. हलवायाच्या परातीत आणि कपाशीच्या पानामागे. पहिल्याची आम्हां पोरांना ओढ, दुसऱ्याचा वडिलांना घोर! हा कपाशीवरचा मावा म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. रसातली जादा साखर ती अंगाबाहेर टाकते. तोच चिकटा. त्यावर मुंग्या धावतात, पुढे काळी बुरशी धरते.

वडिलांचा उपाय जुनाच होता. तंबाखू उकळायची, पाणी गाळून त्यात साबण कालवायचा आणि पंपाने फवारायचे. युरोपातले माळीही अठराव्या शतकापासून असेच करीत. एके वर्षी धनत्रयोदशीला वडील फवारून आले ते ओसरीवरच बसले. सदरा काढ्याने भिजलेला, अंगाला दरदरून घाम आणि एकसारख्या ओकाऱ्या. आईने त्यांना घंगाळभर पाण्याने न्हाऊ घातले. ते रात्रीतून सावरले. पण त्या रात्री परातीतल्या माव्याला कोणी हात लावला नाही.

कारण मला पुढे कळले. तंबाखूतले निकोटिन किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालते, तसेच माणसाच्याही; आणि ते कातडीतूनही शिरते. त्यानंतर आलेली औषधे याहून जहाल होती. १९५८ मध्ये केरळात अन्नात पॅराथिऑन मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशकांचा कायदा झाला.

आता मौज पाहा. ज्या तंबाखूने वडिलांना आडवे केले, तिच्याच ऑस्ट्रेलियातल्या एका रानटी बहिणीच्या पानांवर चिकट लव असते. तिच्यात साखर आणि स्निग्धाम्ल यांची संयुगे असतात, आणि मऊ अंगाची कीड त्यांनी मरते. अमेरिकी शास्त्रज्ञांनी ती तपासली, मग तशीच संयुगे साध्या साखरेपासून बनवली. त्यांतल्या एकाला, सुक्रोज ऑक्टॅनोएटला, २००२ च्या सुमारास तिकडे परवानगी मिळाली. त्यात लागणारे आम्ल आपल्या खोबरेल तेलातही असते! हे औषध किडीच्या अंगावरचे मेणाचे कवच बिघडवते आणि कीड सुकून मरते. मात्र नुसत्या साखरपाण्याने हे काम होत नाही. शिवाय फवारा नेमका किडीच्या अंगावर, म्हणजे पानाच्या पाठीवर, बसावा लागतो. वाळला की त्याचा जोर संपतो, आणि उरलेला मावा पुन्हा वाढतो. म्हणून तो पुन्हापुन्हा मारावा लागतो. शेतकऱ्याला हे कष्टाचे आणि खर्चाचे.

तरीही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले, ती बातमी वाचताना मला आमची ओसरी आठवली. किती मावा मेला, हा हिशेब शेतकरी करतोच, त्याला तो करावाच लागतो. मी मात्र कुठल्याही नव्या औषधाबद्दल आधी एवढेच विचारतो, की फवारणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन पोराबाळांच्या पंगतीला बसेल ना?