बेल्टवर बॅगा गेल्या तेव्हाच

गुरुवार, डिसेंबर २०२३. संध्याकाळी ६:००
लालबागेतल्या खोलीत बॅगा भरणं चाललंय. दुबईत एका मराठी घरचं लग्न शूट करायचंय. सामानातली मोठी लेन्स आणि एक बॉडी धंदा बंद करणाऱ्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून रोखीत घेतलेली. बिल नाही. सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत ठेवायचे, हे मात्र पक्कं पाठ.

"दादा, सिरियल नंबरांची यादी करू?" असिस्टंट विचारतो.

"आपलंच सामान आपण परत आणणार. त्यात काय!"

कस्टम्स कायद्याला हे मान्य नाही. १९६२च्या कायद्याचं कलम २० सांगतं की, देशाबाहेर जाऊन परत आलेल्या मालावर तशाच आयात मालाइतका कर लागतो. सवलत आहे, पण हा तोच माल असं आधी पटवून द्यावं लागतं.

रात्री ८:००
विमानतळ. निर्गमनाकडे कस्टम्सचा काउंटर. पासपोर्ट-तिकीट दाखवायचं, सामान उघडायचं, नंबर ताडून घ्यायचे, एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं. (सामान तात्पुरतं परदेशी नेण्यासाठीचं एटीए कार्ने घेणारी मोठी शूटिंग युनिट्सही यातून सुटत नाहीत, त्यांच्या पिवळ्या पानावर जातानाच शिक्का पडावा लागतो.) असिस्टंट बोट दाखवतो. दादा ट्रॉली पुढे ढकलतो.

८:२०
बॅगा बेल्टवर. खरं तर प्रकरण इथेच संपलं. पुढचे ऐंशी तास नुसती वाट बघण्याचे.

शुक्रवार ते रविवार
हळद, संगीत, लग्न. काम चोख. रविवारी लेन्सचा हूड फुटला, तिथल्याच दुकानातून नवा घेतला. पावती लेन्सच्या कप्प्यातच राहिली.

सोमवार, पहाटे ४:५०
मुंबई. जाहीर करण्यासारखं काही नाही म्हणून ग्रीन चॅनेल.

५:००
एक्स-रेवर बॅग थांबते. अधिकाऱ्याच्या हाती आधी लागते ती दुबईच्या कॅमेरा दुकानाची पावती.

"हे तिथेच घेतलंत?"

"फक्त हूड, साहेब. लेन्स जुनी, माझीच."

"बिल? एक्स्पोर्ट सर्टिफिकेट?"

मोबाइलमधला फोटो पुढे होतो. साताऱ्याच्या लग्नात हाच कॅमेरा गळ्यात. चेहरा स्पष्ट, नंबर कुठेच नाही. नंबर बॉडीच्या तळाशी, ट्रायपॉडच्या प्लेटखाली. खिशातल्या नाण्याने स्क्रू सोडवला जातो, नंबर दिसतोही. पण तो जुळवायचा कशाशी? अधिकारी अडून बसलेत असंही म्हणता येत नाही, त्यांच्यापुढे कागदच नाही.

५:२५
लेन्स आणि बॉडी मिळून किंमत धरली साडेचार लाख. २०१६च्या बॅगेज नियमांप्रमाणे ५०,००० माफ. उरलेल्या चार लाखांवर ३५ टक्के, वर त्या कराच्या १० टक्के अधिभार, म्हणजे ३८.५ टक्के. एक लाख चोपन्न हजार. ग्रीन चॅनेलमधून आल्याबद्दल दंडाचा विषय निराळाच. लग्नाच्या कामाचे अर्धे पैसे अजून यायचेत.

५:४०
सामान ताब्यात, हातात पावती. दुपारी पुण्यात दुसरं लग्न.

"दादा," असिस्टंट फोन काढत विचारतो, "भाड्याने लेन्स इतक्या सकाळी कोण देईल?"