पोते, पाणी आणि व्होल्ट



लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतून सुटलेल्या कामगाराला आज किती काम केलेस असे विचारले, तर तो तास सांगतो. पदार्थविज्ञान तास विचारीत नाही; किती वजन किती उंच नेले, एवढेच विचारते. 100 किलोचे पोते एक मीटर उचलले की सुमारे 980 ज्यूल काम झाले. माझी शाळा लवकर सुटली. हा हिशेब मी आधी पाठीवर शिकलो, पुस्तकात नंतर.

विजेचेही तसेच. पोत्याच्या जागी विद्युत्‌भार, उंचीच्या जागी विभवांतर. एक कूलंब भार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेण्यास एक ज्यूल काम पडले, तर त्या दोन बिंदूंत एक व्होल्ट विभवांतर. भाराला विभवांतराने गुणले की काम मिळते. 1800 साली व्होल्टाने घटमाला रचली. 1841 साली ज्यूलने दाखविले की तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हा हिशेब आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर राबला तो खोपोलीस. 1915 साली लोणावळ्याकडील तलावांचे पाणी 500 मीटरांहून अधिक खाली आणून टाटांनी वीज काढली व सुमारे 1 लाख व्होल्टने मुंबईच्या गिरण्यांकडे धाडली. एवढा दाब कशासाठी? दाब दहापट केला की तेवढेच काम दशांश प्रवाहात होते आणि त्याच तारेत वाया जाणारी उष्णता शतांशावर येते.

विजेचा अपव्यय असा वाचविला, माणसाचे काय? खोपोलीच्या आधीच गिरण्यांत विजेचे दिवे लागले होते. सूर्य मावळला तरी काम थांबेना. 1905 च्या सुमारास कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांना 12 तासांची मर्यादा मिळाली. 1921 साली मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांसह सत्याग्रहास उभे राहिले; विजेच्या धरणाखाली जमिनी त्यांच्या जाणार होत्या.

विजेचे एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. तेच पोते सुमारे 3,670 वेळा एक मीटर उचलणे. धडधाकट हमालाचे दिवसभराचे कामही तिथवर पोचत नाही. म्हणून यंत्राशी आपले वैर नाही. त्याने आपली पाठ सोडविली. पण त्यामुळे वाचलेले तास कोणाच्या पदरी पडले, हे संघटनेने विचारलेच पाहिजे. मीटर विजेचे काम मोजतो. हे मोजणे आपल्यालाच करावे लागेल.