कामाची नोंद कोणाच्या हाती? : मुंबईच्या गिरण्यांतील कार्यनियोजनाचा एक मागोवा

प्रास्ताविक

काम टप्प्यांत विभागणे, प्रत्येक टप्प्याची मुदत व जबाबदार व्यक्ती ठरविणे आणि काम कोठवर आले याची वेळोवेळी नोंद घेणे, ही पद्धती संगणकावरील प्रकल्प-व्यवस्थापन प्रणालींमुळे आज सर्वपरिचित झाली आहे. तिचा इतिहास सांगताना टेलरचा १९११ चा ग्रंथ, हेन्री गँटचा आलेख, १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत विकसित झालेल्या सीपीएम व पर्ट या पद्धती आणि १९८४ मधील मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट असा क्रम बहुधा दिला जातो. हा क्रम व्यवस्थापकाच्या दृष्टीने लिहिलेला आहे. ज्याच्या कामाची नोंद होते त्याच्या बाजूने हा इतिहास कसा दिसतो, हे परळ-लालबागच्या कापड गिरण्यांच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

जॉबर आणि हजेरीपट

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्यांचा विस्तार परळ, लालबाग, भायखळा या भागांत झाला. गिरणीत हजेरीपट होता. परंतु त्यावर कोणाचे नाव चढावे हे प्रामुख्याने खात्याचा जॉबर ठरवीत असे. भरती, कामाची वाटणी, देखरेख व रजा ही सर्व सूत्रे त्याच्या हाती होती. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. कोकण आणि घाटावरून आलेला कामगार शेतीच्या कामासाठी वा सणासुदीला गावी गेला, की रिकाम्या जागी कोणाला घ्यावे हे जॉबरच्या मर्जीवर अवलंबून राही. नोकरी मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे.

वेळेच्या निश्चितीची मागणी मात्र कामगारांकडून झाली, हे लक्षणीय आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये कामगारांनी केलेल्या मागण्यांत रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या ठरावीक वेळा आणि पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत वेतन यांचा समावेश होता. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. वेळापत्रक हे कामगाराच्या संरक्षणाचेही साधन होऊ शकते, याची जाणीव या मागण्यांत स्पष्ट दिसते.

१९२८ चा संप : आकड्यांवरील वाद

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मंदी व जपानी स्पर्धा यांना तोंड देण्यासाठी काही गिरण्यांनी कार्यक्षमतेच्या योजना आणल्या. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, कताई खात्यातील कामगाराने यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, असे त्यांचे स्वरूप होते. त्यातून उद्भवलेला असंतोष एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संपात परिणत झाला. सुमारे दीड लाख कामगारांचा हा संप ऑक्टोबरपर्यंत चालला व फॉसेट समितीच्या नियुक्तीनंतर मिटला. एका यंत्रामागे किती माणसे असावीत आणि कोणत्या कामास किती दर असावा, हे प्रश्न या वादाच्या केंद्रस्थानी होते. कामगारांचा प्रमाणीकरणाला सरसकट विरोध नव्हता. गिरणीगणिक बदलणाऱ्या दरांऐवजी समान दर त्यांनाही हवे होते. मालकांनी एकतर्फी ठरविलेल्या प्रमाणाला त्यांचा विरोध होता.

याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश मिळत नसल्याचा प्रश्न पुढे आणला. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागत असल्याने विटाळाचे कारण पुढे केले जाई. परिणामी, अधिक वेतनाचे हे काम त्यांना नाकारले जाई. कामाच्या वाटणीचा हा नियम कोणत्याही हजेरीपटावर लिहिलेला नव्हता, तरी तो कसोशीने पाळला जात होता. नोंदीचा अभ्यास करताना अलिखित वाटणीही तपासावी लागते, ती यासाठी.

बदली कार्ड

जॉबरच्या भरतीच्या अधिकारावर रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ मध्ये टीका केली. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली. महिन्याच्या १ तारखेला निवडक कामगारांना बदली कार्डे द्यावयाची, कार्डधारकांनी रोज सकाळी गिरणीत हजर राहावयाचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या, अशी ही व्यवस्था होती. हिचा लाभ खरा होता : तोंडी मर्जीच्या जागी दाखविता येईल असा कागद कामगाराच्या हाती आला. तथापि कार्ड कामाची हमी देत नव्हते. काम नसेल त्या दिवशी तो रिकाम्या हाताने परते. गैरहजेरी आणि बाजारातील चढउतार यांतील अनिश्चितता गिरणीच्या नियोजनाने बदली कामगाराच्या वाट्यास टाकली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपातही बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, यावरून हा प्रश्न किती दीर्घकाळ अनुत्तरित राहिला ते कळून येते.

समारोप

लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात आज कार्यालये आहेत. तेथील पिढीच्या कामाची नोंद संगणकाच्या पडद्यावर होते. गिरणी कामगार आणि आजचा कर्मचारी यांच्या परिस्थितीत मोठे अंतर आहे. त्यांना एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही. तरीही गिरणगावाच्या इतिहासातून तीन प्रश्न हाती येतात. कामाचे प्रमाण ठरविताना काम करणाऱ्याचे मत घेतले जाते काय? आपल्याविषयीची नोंद त्याला पाहता व दुरुस्त करता येते काय? योजना चुकली तर तिची झळ कोणाला बसते? स्मरणावर चालणाऱ्या कारभारापेक्षा लेखी नोंद श्रेयस्कर, हे बदली कार्डाने दाखवून दिले. परंतु त्या नोंदीत कामगाराचा शब्द नसेल, तर अचूक नोंदही अन्यायाचे साधन ठरू शकते, हे १९२८ च्या संपाने दाखविले. महाविद्यालयांतही कामाच्या नोंदी संगणकावर येत असताना, हे दोन्ही धडे आपण अध्यापकांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.